बिनशब्दाचं गाणं आणि बोअरचं पाणी

मुरुम, एप्रिल १९८६

तीर्थस्वरूप शरणबसप्पामामांना भाचा वीरभद्र याचा पाय धरून नमस्कार. मामींची कंबर आता कशी आहे? इथं आम्ही खुशाल. तहानलेले, पण खुशाल.

पत्रास कारण, माझी रचना गाजली! (आई म्हणते, गाजली न्हाय, वाजली. तिचं सोडा.) पुण्याहून मी पदवीऐवजी इलेक्ट्रिक गिटार घेऊन आलो, हे तुम्हाला ठाऊकच आहे. तिच्यावर ‘कोरडवाहू’ नावाची रचना बांधली: निम्मं विलायती रॉक, त्यात आमच्या गावच्या पिराजीची हलगी, मधेच आईच्या भजनाची चाल, आणि शब्द एकही नाही. ती ऐकायला कुणी तयार होईना. शेवटी सोसायटीचे चेअरमन तात्याराव यांनी वस्तीवर बोअर घ्यायचं ठरवलं, उद्घाटनाला बँड मिळेना, तेव्हा आमचं नशीब उघडलं.

पिठाच्या गिरणीतून वायर ओढली. बोअरची गाडी धडधडायला लागली, तसे आम्हीही लागलो. थोड्या वेळानं तात्याराव माझ्या कानाशी आले. “गाणं कवा सुरू होणार?”

“हेच गाणं आहे, तात्या. याला शब्द नसतात.”

“मग माझं नाव कुठं येणार?”

शेवटी येईल, म्हणालो. (संकटात माणूस काहीही बोलतो.) झालं! त्यांनी हुकूम सोडला, “पाणी लागेस्तोवर थांबायचं न्हाय!”

मामा, बोटं सोलली. भोकातून नुसता फुफाटा. घागरी घेऊन बसलेल्या बाया आधी हसल्या, मग जांभया द्यायला लागल्या, मग रिकाम्या घागरीत डोकावायला लागल्या. ते डोकावणं मला लई जड गेलं. त्यांच्याकडं बघूनच वाजवत राहिलो. एवढ्यात वीज गेली आणि गिटार मुकी झाली. पिराजीनं मात्र गाडीच्या धडधडीलाच हलगी जोडली. मी रिकाम्या पिंपावर ठेका धरला. आणि त्या ठेक्यातच चिखलाचं कारंजं उडालं! बाया घागरी टाकून नाचल्या. चिखलानं माखलेले तात्याराव “आलं, आलं!” म्हणून ओरडत होते. (पाणी की नाव, ते विचारायचं राहिलं.)

आता गावोगावच्या सुपाऱ्या येतायत. सगळ्यांना पाणी लावणारं गाणं पाहिजे. कलावंताला नाही म्हणवत नाही.

तुमचा,
वीरभद्र

ता. क. : आम्ही वाजवायच्या आधी प्रत्येक गावी तुमची ती पाणी बघायची लिंबाची डहाळी घेऊन एक चक्कर टाकून, जागा दाखवून जावं. आमच्याशी ओळख दाखवू नये.

ता. क. २ : तात्यारावांच्या वस्तीवरची जागाही तुम्हीच दाखवली होती, हे इथं सगळे विसरलेत. मामींनाही विसरायला सांगा.