उत्कर्षाचा बिल्ला आणि माझी कंबर

घणसोली गाव, सोमवार

उदयसिंहराव व्याहीबुवांना विहीण सत्यभामाचा, तोंडाला पदर लावून पर आतून हसत, रामराम.

तुमची तब्येत झकास असणार, कारण परवा फोनवर तुमचा आवाज आमच्या चाळीतल्या चार खोल्यांनी ऐकला. जयमालाबाईंच्या गुडघ्याला आराम हाय का? त्यांना म्हनावं, तेलानं गुडघा बरा होतो, नवऱ्याच्या बडबडीवर अजून तेल निघालं न्हाई. म्हस व्याली असंल तर खरवसाचं मी काय बोलत न्हाई. ते माणसाला आपलं आपण सुचावं लागतं.

फोन असताना हा कागद कशाला, असं म्हनाल. अवो, फोनवर तुमी 'हॅलो' सुद्धा असं म्हनता, जसं काय बांध कोरणाऱ्याला हटकताय. परवा तुमी म्हनालात, आईतवारी जीप घेऊन येतो, उत्कर्षाला गावी नेतो, ती किरणांची नोकरी सोडायची मंजी सोडायची. मी 'अवो ऐका तरी' असं सात वेळा म्हनले, आठव्याला तुमी फोन ठेवला. कागदाचं बरं असतं, वाचणाऱ्याला मधी तोंड घालता येत न्हाई. तुमच्या गावचा कृष्णात आज मार्केटात आल्याचा टेम्पो खाली करून माघारी चाललाय, त्याच्या हाती देते. गपगुमान शेवटपर्यंत वाचा, उभ्यानं वाचू नका.

तुमचं काळीज मला कळतं, राव. एकुलती एक लेक, वाशीच्या त्या सेंटरात सहा वर्षं एक्सरे काढती, आणि एक दिवस कळतं की तिच्या नावावर लई किरणं निघाली. डॉक्टरीणबाईंनी तिला मशीनपासून उठवून बाहेर काउंटरवर बसवलं. रक्त तपासलं. आता चौकशी, आणि चौकशीत तिची चूक निघाली तर त्या मशीनला पुन्यांदा हात लावायला मिळणार न्हाई. पोरगी दोन दिस जेवली न्हाई. 'आई, मशीन चालू असताना मी एकदाबी शिशाच्या भिंतीच्या बाहेर उभी राहिले न्हाई, मग आलं कुठून?' असं मलाच विचारायची. मला! (हे 'मला' मी का लिवलं, ते पुढं येतंय. पाणी प्या.)

तर ऐका. ही लोकं कामाला जाताना छातीवर एक प्लास्टिकचा चौकोनी बिल्ला लावतात. आगपेटीएवढा, आत बारके गोल. बिल्ला लावल्याबिगर त्या खोलीत पाऊल टाकायचं न्हाई, दर तीन म्हैन्याला जुना जमा करायचा, नवा यायचा. आता तुमीच सांगा, हे ऐकून आपल्याकडच्या माणसाला काय वाटंल? आपल्या माळावरचा भगत ताईत देतो, त्योबी असंच सांगतो की. अंगावरनं उतरवू नको, जोर संपला की बदलून ने. मी म्हनलं, सरकारी ताईत दिसतोय. मुंबईत सगळंच सुधारलेलं.

बिल्ला तिकडंच खुंटीला ठेवून यायचा असतो. पर एका शनिवारी पोरगी दमून पांढऱ्या कोटासकट घरी आली, आणि कोट धुवायला घेतला तर खिशाला बिल्ला. दुसऱ्या दिवशी तिला सुट्टी. आणि दुसऱ्याच दिवशी, माझ्या कर्मानं, मला कोपरखैरण्याला कंबरेचं सिटीस्कॅन काढायला जायचं होतं.

हे घरात कुणालाच ठाव नव्हतं. उत्कर्षानं साफ सांगितलेलं, 'आई, उगाच स्कॅन काढायचा नसतो, त्याचीबी किरणं असतात, आधी गोळ्या घ्या, व्यायाम करा.' आता व्यायाम! धा वर्षं भात लावणारीला ही पोरगी सतरंजीवर पाय वर करायला सांगती. शेजारच्या वेणूबाईनं स्कॅन काढला तर मी काय तिच्यापेक्षा कमी दुखणारी हाय? मी भाजीला जाते म्हनून निघाले. जाताना त्या मशीनची जरा भीती वाटली, म्हनून सरकारी ताईत कंबरेला, निऱ्यांच्या आत खोचला. कंबर दुखती तर कंबरेलाच पायजे ना.

तिथल्या माणसानं बांगड्या काढाय लावल्या, पिना काढाय लावल्या, सगळं काढलं, पर ताईत कोण दाखवतं का? मला त्या भल्यामोठ्या मेदूवड्यात सारलं. थोड्या वेळानं त्यो धावत आला. 'आजी, कंबरेला चौकोनी काय आहे?' मी म्हनलं, मशेरीची डबी. म्हनला, काढा. मी त्याची पाठ फिरल्यावर डावीकडची डबी उजवीकडं सारली. त्यानं पुन्यांदा पैल्यापासनं स्कॅन घेतला, आणि पुन्यांदा आला. 'आजी, आता उजवीकडे आहे!' मी म्हनलं, मंग दोन असतील. त्यानं हात जोडले, फिल्मा पाकिटात घातल्या आणि मला रिक्षापर्यंत सोडायला आला. (सासरी एवढा मान मला कधी मिळाला नव्हता.) सोमवारी बिल्ला परत कोटाच्या खिशाला.

आता तुमी शाणे, तुमाला कळलंच असंल. पर मला कधी कळलं? तीन म्हैन्यानं रिपोर्ट आला आन् पोरगी रडत रडत मला समजवाय लागली, तवा. अवो, त्यो बिल्ला राखणदार न्हाईच! त्यो नुसता मोजणारा. जसं घराचं लाइटचं मीटर. मीटर बसवलं म्हनून शॉक बसायचा ऱ्हातो का? त्यो गप लटकून ऱ्हातो, आणि अंगावर किती किरणं पडली त्याचा हिशोब धरतो. ही किरणं दिसत न्हाईत, वास न्हाई, चटका न्हाई. थोडी थोडी लई वर्षं अंगावर घेतली तर आतल्या आत बिघाड करतात, म्हातारपणी कॅन्सर काढतात. आणि एकदम लई घेतली तर कातडी भाजती, अंगातलं रक्त कमी होतं. म्हनून तर मोजायचं. माझ्या कंबरेवर दोनदा जे पडलं ते त्यानं इमानदारीनं मोजलं, आणि आकडा लिवला गेला उत्कर्षाच्या नावावर. तिच्या सहा वर्षांच्या सगळ्या आकड्यांची बेरीज केली तरी त्याच्या पासंगाला पुरत न्हाई, म्हनती.

खरी राखण निराळीच असती, तीबी तिनंच सांगितली. आपण घरात सुक्या मिरच्या भाजतो तवा काय करतो? झटक्यात उरकतो, लांब उभं ऱ्हातो, मधलं दार लावतो. तिथं दाराला शिसं असतं, एवढाच फरक. पोटुशी बाई असंल तर तिनं लगेच सांगायचं, तिला हलकं काम देतात, काढून टाकत न्हाईत. आता माझं एक इचारणं, राव, रागावू नका. तुमी आल्याच्या पिकाला औषध मारता तवा तोंडाला काय बांधता? मागं आले तवा बघितलं, तोंडात तंबाकू, हातात पंप, आणि वारं तुमच्याकडंच. तुमच्या छातीला असा बिल्ला लावला असता तर त्यो पैल्याच दिवशी राजीनामा देऊन एस्टीनं निघून गेला असता. आणि तुमी माझ्या सुनेला शिशाच्या भिंतीमागनं उचलून त्या फवाऱ्यात न्यायला निघालाय!

तर चौकशीची गोष्ट. सुरक्षेचे साहेब आले, श्यामसुंदर त्यांचं नाव, जाड भिंगाचा चष्मा. टेबलापलीकडं साहेब, डॉक्टरीणबाई, आणि अलीकडं आपली पोरगी, मान खाली घालून. मी पदर खोचला, दार ढकललं, पाकिटातल्या फिल्मा टेबलावर टाकल्या आणि म्हनलं, 'साहेब, किरणं पोरीची न्हाईत, कंबर माझी हाय.' साहेबांनी फिल्म उजेडाला धरली. हाडं, हाडाशेजारी चौकोन, चौकोनात बारके गोल, आणि कोपऱ्यात तारीख, तिच्या सुट्टीची. साहेब चष्मा काढून हसले, डॉक्टरीणबाई हसल्या, आकडा खोटा ठरला, पोरगी उद्यापासनं मशीनवर. एकाही डोळ्याला पाणी न्हाई. कशी वाटली तुमची विहीण?

तुमच्या जावयाचा, शिवतेजचा नमस्कार. त्याला महाप्याच्या कंपनीत बढती मिळाली, पर नाक अजून त्याच्या बापासारखंच वर हाय.

तुमची,
सत्यभामा

ता. क. चौकशी झाली न्हाई. ती परवा बुधवारी अकरा वाजता हाय. वरचं मी काल दुपारी भांडी घासताना ठरवलं तसं लिवलं. साहेबांचं नाव नोटिशीवर हाय, चष्मा मी मनानं घातला. फिल्मा माझ्या गादीखाली हायत. उत्कर्षाला अजून एक अक्षर बोलले न्हाई. आठ दिस झाले, रोज सकाळी ठरवते, आणि ती माझ्या कंबरेला तेल चोळाय बसली की तोंड उघडत न्हाई.

दुसरं ता. क. म्हनून आईतवारी येऊ नका, बुधवारीच या. मी कबूल करणार, त्यात बदल न्हाई, तुमी न आलात तरी करणार. पर आलात तर एक काम करा. मी फिल्मा टेबलावर ठेवल्या की साहेबांच्या आधी तुमी माझ्यावर भडका. मोठ्यानं. 'विहीणबाई, अक्कल हाय का' इथनं सुरू करा, फुडचं तुमाला पाठच हाय. कारण मी एकटीनं सांगितलं तर पोरगी काय बोलणार न्हाई, नुसती माझ्याकडं बघंल, आणि ते बघणं मला सोसायचं न्हाई. तुमी बोलाय लागलात की गोष्ट निराळी. लग्नात आहेराच्या लुगड्यावरनं तुमी माझ्यावर आवाज चढवला होता, तवा मुंडावळ्या बाजूला सारून कोण उठलं होतं, आठवतंय का? 'आबा, माझ्या सासूला काय बोलायचं न्हाई.' तेवढं एकदा परत तिच्या तोंडून ऐकू द्या. मंग घरी नेऊन मला काय सुनवायचं ते सुनवू दे तिला, मी पाट मांडून बसते.