पाहुण्याचे हात

१२ ऑक्टो., लोहारा
सकाळी प्रज्ञानं मोबाईलवर झलक पाठवली. दीड मिनिट. तीनदा बघितली, तिन्ही वेळा डोकं उठलं.
आम्ही गावात काढलेल्या ‘पाहुणा मंगळाचा’ या जुन्या पिक्चरची नवी आवृत्ती म्हणे. नाव ‘पाहुणा २.०’. आमचं यान म्हणजे वडिलांची, आबांची, ज्वारीची पत्र्याची कोठी, उलटी करून चंदेरी रंग मारलेली. कबूल. पण तिच्याखाली तेरखेड्याचे भुईनळे लावले तेव्हा माळावर असा धूर झाला की शेजारच्या वस्तीवरची माणसं घागरी घेऊन पळत आली. ती माणसं पिक्चरमध्ये आहेत. खरीखुरी घाबरलेली. हिच्या यानाला बघून कोण घाबरणार? साबणाच्या वडीसारखं गुळगुळीत, निळं.
प्रज्ञा धाकट्या भावाची, मिलिंदची मुलगी. पुण्यात जाहिराती जोडायचं काम करते. हुशार आहे, वाद न्हाय. पण हुशार माणसानं सगळ्यालाच हात लावावा का!
उत्तर पाठवलं – छान. रंग जास्त झालाय.

१३ ऑक्टो.
सौ.ला झलक दाखवली. भाजी निवडता निवडता बघितली.
‘पाहुणा बोलतोय की!’ एवढंच म्हणाली.
तेच तर! ‘हे पृथ्वीवासीयांनो’ म्हणतो, तेही रेडिओवरच्या जाहिरातीच्या आवाजात. आमचा पाहुणा अख्ख्या पिक्चरमध्ये एक शब्द बोलत न्हाय. नुसते हात. दोन बोटं ओठापाशी नेली की पाणी. पालथा पंजा दोनदा हलवला की राहू द्या, नको. ते वर्षभर माझ्या वर्गातली पोरं तसंच करायची, पाण्याला जाताना तोंडानं विचारायचीच न्हाईत. बेजार केलं होतं.
आणि प्रज्ञानं तेच काढून टाकलं. मग उरलं काय? कोठी? तीही काढली.

१५ ऑक्टो.
आज कहर झाला. प्रज्ञा आली आहे. पिक्चरच्या मागची गोष्ट म्हणून बापाची मुलाखत घेतली, आमच्याच ओसरीवर, कारण मिलिंदच्या मोबाईलच्या दुकानात गिऱ्हाइकं कटकट करतात.
मिलिंद इस्त्रीचा शर्ट घालून आलेला. केस काळे केलेले. म्हणाला, ‘पाहुण्याची भाषा मला अशी झोपेत सुचली. मी पंधरा दिवस घरात कुणाशी बोललो नव्हतो. भूमिकेत शिरायचं म्हणून.’
ह्याला काय म्हणावं! त्या पंधरा दिवसांत हा बोलला नव्हता कारण त्याला गालफुगी झाली होती. गाल हे एवढे. मोटरसायकलच्या हेल्मेटला चंदेरी कागद लावून पाहुण्याचं डोकं केलं होतं, त्यात ह्याचं तोंड जाईना. लग्नाची शूटिंग करणारा उमरग्याहून एका दिवसासाठी आलेला, कॅमेरा घेऊन माळावर उभा. मी डोक्याला हात लावून बसलो होतो.
तेव्हा सौ. म्हणाली होती, ‘आणा इकडं. मी घालते.’
हे मी आजपर्यंत कुठं लिहिलेलं न्हाय. वहीतसुद्धा न्हाय.
लग्नाला आठ महिने झालेले. नवी सून. आबांपुढं तिनं तोंडातून शब्द काढायचा न्हाय ही आमच्या घरची रीत, मग हातांनी चाले. जेवायला वाढलंय, पाणी देऊ का, नको, दारात कोण आलंय. पाहुण्याची भाषा तिचीच. झोपेत कुणाला सुचलेली न्हाय. सून चार माणसांत पँट घालून नाचली हे आबांना कळलं असतं तर घर डोक्यावर घेतलं असतं, म्हणून नाव मिलिंदचं लावलं. मीच लावलं.
मुलाखत चालू असताना सौ. चहा घेऊन आली. ‘झोपेत’ हे ऐकलं. कप ठेवले, गेली. चेहऱ्यावर काय न्हाय. मी माझा कप तसाच बाजूला सारला.

१६ ऑक्टो.
दुपारी जुनी कॅसेट लावली. प्रज्ञानं संगणकावर उतरवून आणली आहे. चित्राला मुंग्या येतात, पण दिसतं.
सुरुवातीच्या पाट्या मी शाळेच्या फळ्यावर खडूनं लिहिल्या होत्या. अक्षर तेव्हा चांगलं होतं. ‘पाहुणा – मिलिंद.’ आणि सगळ्यात शेवटी ‘चहापाणी – सौ. विमल’.
चहापाणी! मला त्या वेळी हे लई सुचलं असं वाटलं होतं. निदान नाव तरी आलं म्हणून.
सौ. म्हणाली, ‘अक्षर मस्त होतं तुमचं.’ टोमणा होता का कळलं न्हाय.

१९ ऑक्टो.
रामलिंगच्या रानात शूटिंग. येडशीपर्यंत एसटीनं, पुढं त्यांच्या गाडीत. सौ.ला चल म्हटलं तर म्हणाली, पाय दुखतात.
पाहुणा पुण्याचा. व्यायामाचं शरीर, दंड आवळलेले. मंगळावर तालीम असावी. त्याचं चकचकीत टोपडं दगडावर ठेवलं होतं, ते माकडानं उचललं आणि झाडावर नेऊन घालून बघितलं. खरं सांगतो, दिवसभरातला तो एकच जिवंत प्रसंग. प्रज्ञाला म्हटलं हेच ठेव. हसली न्हाय.
मग तो प्रसंग आला – पाहुणा यानातून उतरतो. पुण्याचा गडी उतरला, चार पावलं चालला, थांबला आणि उजव्या हातानं डोक्यावरून काहीतरी कानापर्यंत ओढल्यासारखं केलं. वर ‘टीं’ असा आवाज टाकणार म्हणे.
म्हटलं, ‘हे काय?’
‘मोठे पप्पा, ओरिजिनलमध्ये आहे ना! पाहुणा अँटेना नीट करतो. पप्पांची सगळ्यात भारी ॲक्शन. ती मी फ्रेम टू फ्रेम ठेवली आहे.’
मी कपाळावर हात मारून घेतला. अँटेना कसली! ती चूक आहे, बाई! त्या दिवशी आबा आपली कोठी कुठं गेली म्हणून शोधत माळावर आले. आबा दिसले आणि सौ.चा हात आपसूक डोक्यावर गेला. पदर घ्यायला. हेल्मेटवर पदर! प्रसंग परत घ्यायला वखत नव्हता, तसंच ठेवलं. आणि सगळं मोडून-तोडून नवं करणाऱ्या ह्या पोरीनं जपून काय ठेवलं, तर तेवढंच.
तोंडानं मात्र नुसतं ‘बरं आहे’ म्हटलं. परतीच्या एसटीत खिडकीशी बसून स्वतःला शिव्या दिल्या.

२० ऑक्टो.
सौ.ला अँटेनाची गोष्ट सांगितली. इतकी हसली की ठसका लागला. डोळे पुसत म्हणाली, ‘मामंजीबी हसले होते.’
‘कशाला?’
‘माझ्या पदराला. तितंच ओळखलं की त्यांनी मला.’
आबा कोठीवरून चिडून सायकल काढून निघून गेले, असंच मी इतकी वर्षं धरून चाललोय.
‘विहारापुढं पडद्यावर दाखवला न्हव का, त्याच्या दुसऱ्या दिवशी मामंजी जेवाय बसले. मान वर न करता दोन बोटं ओठाला लावली. पाहुण्यावानी. म्या पाणी दिलं. मग दोघंबी हसलो. तुमी शाळेत होतात.’
‘आणि मला सांगितलं न्हाईस?’
‘तुमी कधी विचारलं?’
बास. आबांच्या भीतीनं नाव दडवलं, हा माझा सत्तावीस वर्षांचा आधार. ते तर पहिल्याच दिवशी हसून मोकळे झाले होते. आबा जाऊनही बारा वर्षं झाली. मग दडवून ठेवलं कुणी?
‘नाव लावायचं का आता?’ विचारलं.
ती पीठ मळत होती. ‘लावलं असतं तर बरं वाटलं असतं,’ म्हणाली. मग, ‘पण भाऊजींचं काय?’

२२ ऑक्टो.
मिलिंदच्या दुकानात गेलो. भिंतीवर हेल्मेटातल्या पाहुण्याचा फोटो, फ्रेम करून. बायकोच्या फोटोखाली बसून धाकटा भाऊ मोबाईलला काच चिकटवत होता. माझ्या बायकोच्या.
स्पष्ट सांगितलं, प्रज्ञाला खरं सांगू या.
काच बाजूला ठेवली. मग म्हणाला, ‘दादा, अख्खं लोहारा मला पाहुणा म्हणतं. जीपवाले म्हणतात, तहशीलमध्ये म्हणतात. दुकानाच्या पाटीवर तेच आहे. पोरगी हे सगळं बापासाठी करतीय. तिला आता काय सांगू, तुझा बाप तवा गाल शेकत घरात पडला होता?’
‘पण झोपेत सुचलं म्हणायची काय गरज होती रे?’
‘ते चुकलं,’ म्हणाला. मग एकदम चिडला. ‘फळ्यावर माझं नाव कुणी लिवलं? म्या मागितलं होतं का? तुमीच लिवलं आन् तुमीच आता पुसाय निघालाव!’
राग आला होता तो जिरला, आणि भावाची कीव आली, आणि कीव आली म्हणून पुन्हा राग आला. चहा न पिता उठलो.

२४ ऑक्टो.
प्रज्ञाचा फोन. ‘मोठे पप्पा, शेवटच्या पाट्या जुन्यासारख्याच हव्यात. फळ्यावर, खडूनं, तुमच्या हातानं. मूळ कलाकारांना मान म्हणून. रविवारी येते.’
यान नको, हात नको, धूर नको. फळा पाहिजे!
सौ.ला सांगितलं. पालथा पंजा दोनदा हलवला. राहू द्या. मग आत गेली आणि कपाटातली जांभळ्या काठाची साडी काढून बाहेर टांगली. आता ह्यातलं कुठलं खरं धरायचं?

२६ ऑक्टो., रविवार
शाळेतून जुना फळा आणला. ओसरीवर खुर्चीला टेकवला. प्रज्ञानं मोबाईल सेल्फीच्या काडीवर लावला. मिलिंद समोर बसलेला, आज केस काळे-बिळे न करता. सौ. स्वयंपाकघराच्या दारात, जांभळी साडी.
‘मूळ कथा’ लिहिलं, खाली माझं नाव. ‘कॅमेरा’ लिहिलं. ‘धूर – तेरखेड्याचे भुईनळे’ लिहिलं. वळण अजून आहे.
‘आता पाहुणा,’ प्रज्ञा म्हणाली.
‘पाहुणा –’ लिहिलं आणि थांबलो. मागं वळून मिलिंदकडं बघितलं. तो चपलांकडं बघत होता.
फळ्याकडं वळलो. ‘वि’ लिहिला.
‘मोठे पप्पा, पप्पांचं नाव मिलिंद आहे,’ प्रज्ञा हसून म्हणाली. ‘पुसा, परत घेऊ.’
पुसलं न्हाय. मिलिंदनं मान वर केली आणि दाराकडं बघितलं. मीही बघितलं. मग प्रज्ञानंही. सगळ्यांची नजर एकदम आल्यावर सौ.चा उजवा हात आपसूक वर गेला, डोक्यावरून पदर कानापर्यंत ओढला.
प्रज्ञाचं हसू थांबलं. मोबाईलकडं बघितलं, बापाकडं बघितलं, पुन्हा दाराकडं.
‘मोठी आई,’ म्हणाली, ‘तसंच परत कर बरं.’
सौ. हलली न्हाय. पुढची दोन अक्षरं अजून लिहायची आहेत.