खुंटावरचा कोट

बँकॉक, ३ फेब्रुवारी १९९९

ती. बाईस श्रीहरीचा साष्टांग नमस्कार.

वि. वि. मत्स्यबीजाचा सरकारी दौरा उत्तम पार पडला. चामोर्शीच्या मच्छीमार सोसायटीचा अध्यक्ष म्हटल्यावर इथे माझा फार मान ठेवतात. फक्त एक किरकोळ अडचण आली. काल तिघांनी चाकू दाखवून माझा नवा कोट पळवला आणि पासपोर्ट त्याच्याच खिशात होता. घड्याळ, पाकीट, अंगठी शाबूत आहेत. थोडी सर्दी झाली आहे.

पोलिसांत तक्रार दिली. त्यांचा दाखला, फोटो आणि पासपोर्टची झेरॉक्स नेली की आपली वकिलात घरी परतण्यापुरता कागद देते. झेरॉक्स पेटीत आहे, ती गडचिरोलीहून फॅक्स करावी. बाकीची मंडळी उद्या निघतील, मी ९ तारखेच्या विमानाने येतो. ११ला आचलच्या लग्नात तिचा बाप मांडवात असेल. सीतेला धीर द्यावा, माझ्यावर माया असू द्यावी.

तुझा धाकटा भाऊ,
श्रीहरी


चामोर्शी, ४ फेब्रुवारी

चि. श्रीहरीस आशीर्वाद.

वि. वि. तुझा फॅक्स गडचिरोलीहून एस.टी.च्या कंडक्टरने आणून दिला. वाटेत त्याने तो वाचला, म्हणून स्टँडवरच्या चहावाल्याला बातमी माझ्याआधी कळली. तुझी बायको सीता रडते आहे. मी रडत नाही, कारण तुला मी अंगाखांद्यावर वाढवलं आहे.

काय सज्जन चोर भेटले रे तुला! तिघे येतात, चाकू काढतात, सोन्याची अंगठी सोडून देतात आणि कोट तेवढा नेतात. शिवाय त्या उकाड्याच्या देशात तुला सर्दी होते. अध्यक्षसाहेब, तुम्ही तळं पाहिलंत, जाळं पाहिलंत आणि कोट खुंटावर टांगून पाण्यात उतरलात. आपल्या तळ्यावर पाण्यातल्या माणसाच्या कपड्याला कोणी हात लावत नाही. हा कायदा आपला, तो त्या मुलखाला कोणी सांगितला?

झेरॉक्स पाठवते आहे. बाशिंगं आणायची होती, त्या पायांनी मी आज तुझ्यासाठी गडचिरोली गाठली. माया आहेच, अक्कल तेवढी वाढव.

तुझी बाई


बँकॉक, ६ फेब्रुवारी

ती. बाईस साष्टांग नमस्कार.

वि. वि. तुझ्यापासून काही लपत नाही. एक म्हातारा तळ्यात जाळं फेकत होता. त्याचं फेकणं मला पाहवेना, म्हणून शिकवायला उतरलो. वर आलो तर खुंट रिकामा. दौऱ्यातल्या साहेबांसमोर हे कोणत्या तोंडाने सांगणार? म्हणून चोर आणि चाकू उभे केले.

पोलिसांनी चोराचं वर्णन विचारलं. डोळ्यांसमोर दुसरा चेहराच येईना, त्या म्हाताऱ्याचंच सांगून बसलो. काल त्याला धरून आणलं. मला पाहून तो हसला, त्याला वाटलं मी सोडवायला आलो आहे.

खरं सांगितलं तर दाखला रद्द होईल, सगळं पुन्हा करावं लागेल आणि लग्न चुकेल. तर आधी घरी येऊन मग तिथून पत्र टाकून त्याला सोडवावं का? रागावू नये, सल्ला द्यावा.

श्रीहरी


चामोर्शी, ७ फेब्रुवारी

श्रीहरी,

आशीर्वाद मागाहून. आजवर तुला हसत होते, आज लाज वाटली. पत्र टाकणार म्हणे! इथून टाकलेलं पत्र वाचून तिकडचे पोलीस कुलूप उघडणार, असं तुला खरंच वाटतं का? तू घरी पुरणपोळी खाणार आणि तो बिचारा कोठडीत तुझी वाट पाहणार.

आचलला सगळं वाचून दाखवलं. पोरगी म्हणाली, "बाबाले लिव, त्या बुढ्याले सोडवूनच या. लगन मी करून घेतो." आणि माझ्या पदरात तोंड घालून रडली.

बाई


चामोर्शी, १२ फेब्रुवारी

चि. श्रीहरीस अनेक आशीर्वाद.

वि. वि. म्हातारा सुटला आणि तुझा परतीचा कागद १३ला मिळणार, हा फॅक्स काल ऐन हळदीत पोचला. पोलिसांनी तुला दिवसभर बसवून ठेवलं, साहेबासमोर कान पकडायला लावले, असं लिहिलं आहेस. कमीच झालं.

लग्न लागलं. कन्यादानाला तुझ्या जागी चुलतभाऊ नथ्थू आणि त्याची बायको बसले. सीता मागे उभी होती, तिच्याकडे पाहवत नव्हतं. पंगतीत व्याही लटारूभाऊंनी विचारलंच, की मुलीचा बाप कुठे आहे. मी खोटं बोलणार नव्हते. कोटाच्या गोष्टीला सगळा मांडव हसला, मीच जास्त हसवलं. म्हाताऱ्याची गोष्ट मात्र लटारूभाऊंनी हातातला घास खाली ठेवून ऐकली.

पाठवणीची वेळ झाली, गाडीत सामान चढलं. तेव्हा लटारूभाऊंनी ते उतरवायला लावलं. म्हणाले, "बापाच्या पाया पडल्याबिगर पोरगी नेत नाई. तो आला का आमी परत येऊ." वऱ्हाड रिकामं परत गेलं.

आचल घरीच आहे. हातातला चुडा सांभाळत सकाळपासून दोनदा स्टँडवर जाऊन आली. आज बाबा येणार नाहीत म्हटलं तरी ऐकत नाही. लवकर ये. तुझ्यावरची माया या वेळी न मागता पाठवते आहे.

तुझी बाई