भिंतीला गाल लावणारी मुलगी

५ फेब्रुवारी, सोमवार

चावली! डाव्या मनगटावर दातांची अख्खी रांग. सात वर्षांची पोर, पण जबडा काय!

सकाळीच मोठ्या बाईंचा हुकूम — "निवांत खोलीत प्रत्येकाला दहाच मिनिटं. ती मुलगी तर तिथे मुक्कामालाच असते." म्हणून दहा मिनिटं झाल्यावर मुंगीला भिंतीवरच्या फळ्यांपासून ओढलं. मुंगी हे नाव मीच ठेवलेलं. सारखी भिंतीच्या कडेकडेने चालते. आधी हाका मारल्या होत्या. तीन! ढिम्म हलली नाही.

प्रगतीवहीत लिहिलं : 'हाका मारूनही मुद्दाम दुर्लक्ष करते.' रागात लिहिलं. खोडलं नाही.

६ फेब्रुवारी

मनगट सुजलंय. मुंगी आली नाही.

८ फेब्रुवारी, गुरुवार

आज तिची आई सोडायला आली. वही वाचली, सही केली. "घरी असं नाही करत बाई. घरी सगळं ऐकते." एवढंच. पुढे काही विचारण्याआधी पाठमोरी झाली.

निवांत खोलीच्या भिंतीवर पाच फळ्या लावल्या आहेत सुतारकाकांनी. मखमलीची, खरखरीत कागदाची, काथ्याची, कड्या-झिपांची. वर्गातल्या गोंगाटाने बिथरलेली मुलं येतात, मखमल कुरवाळतात, कड्या उघडझाप करतात, हळूहळू शांत होतात. मुंगी यातल्या कशालाच बोट लावत नाही. पाचवी फळी अजून कोरी आहे, नुसतं लाकूड — तिला गाल चिकटवून डोळे मिटून बसते. आम्ही हौसेने लावलेलं सगळं सोडून बाईसाहेबांना कोरं लाकूड!

आज तिला मखमलीपाशी बसवलं. उठून परत तिथेच.

१३ फेब्रुवारी, मंगळवार

कोऱ्या फळीच्या भिंतीपलीकडे पाण्याचा पंप आहे, हे मी कधी ध्यानातच घेतलं नव्हतं. आज मध्येच वीज गेली, पंप थांबला — आणि त्याच क्षणी मुंगीने डोळे उघडले. लाकडावर तळहात फिरवला. गोंधळली. दहा मिनिटांनी पंप सुरू झाला, तशी परत गाल लावून बसली.

ती ऐकत नव्हती. ती लाकडातून पंपाची थरथर गालावर घेत होती.



१४ फेब्रुवारी

पंप बंद असताना तिच्या मागे उभी राहून टाळी वाजवली. काही नाही. पत्र्याचा डबा आपटला. दाराबाहेरून शिपाईमावशी धावत आल्या, "काय पडलं हो?" मुंगी तशीच, फळीला टेकून बोटं मोजत.

मग कोऱ्या फळीवर नुसती थाप मारली. गर्रकन वळली. हसली!

मी भिंतीकडे तोंड करून रडले.

१५ फेब्रुवारी

मोठ्या बाई म्हणाल्या, "तुम्ही डॉक्टर कधीपासून झालात?" तिच्या आईला बोलावलं, तर ती हट्टालाच पेटली. "तिला काहीसुद्धा झालेलं नाही. तपासणी-बिपासणी नको." मी म्हटलं, तुम्ही नेलं नाही तर मी नेईन. तेव्हा म्हणाली, "मीच नेते."

२० फेब्रुवारी, मंगळवार

अहवाल आला. दोन्ही कान जवळजवळ निकामी. बहुधा जन्मापासून. डॉक्टरीणबाई फोनवर म्हणाल्या, "ओठांकडे बघून निभावत होती पोर. आठ महिन्यांत एवढ्या मोठ्या शाळेत कुणाच्याच लक्षात आलं नाही?"

काय सांगू? पाठीमागून हाका मारत होते, म्हणून सांगू? चार शब्द अर्धवट बोलते, तर आम्ही तिला लाजाळू ठरवलं. वळून बघत नाही, तर हट्टी.

वही काढली. 'मुद्दाम' या शब्दावर पेन टेकवलं. खाली तिच्या आईची सही — अक्षर कसं गिचमिड, दाबून केलेलं. खोडवेना. उद्या ती येणार आहे. माफी कशी मागायची, ते ठरवून ठेवलंय.

२१ फेब्रुवारी

माफीचं पहिलं वाक्यसुद्धा पुरं झालं नाही.

"बाई, मला माहीत होतं. ती दोन वर्षांची होती तेव्हापासून. आधीच्या दोन शाळांत खरं सांगितलं, दोन्हीकडून दारातूनच परत पाठवलं. म्हणून इथे बोलले नाही." मग सरळ माझ्या डोळ्यांत बघून — "सांगितलं असतं, तर घेतलं असतं तुम्ही?"

प्रवेशाच्या दिवशी टेबलामागे मीच बसले होते.

नसतं घेतलं.