आईचा नंबर

सातारा, मंगळवार, ऑगस्ट १९९३

आज पाचवीला रांगेचे इंग्रजी शब्द शिकवले. क्यू, टर्न, नेक्स्ट. मुलांना रांगेत उभं करून घोकवून घेतले.

घरी येऊन आईला विचारलं, "डॉक्टर काय म्हणाले?" सकाळी दवाखान्याच्या दारात मीच तिला सोडून शाळेत पळाले होते.

"गाठच न्हाई पडली. दारावरची पोरगी सारखी नेक्स्ट नेक्स्ट म्हणायची, माणसं उठून आत जायाची. मी आपली माझं नाव कवा घेत्यात म्हणून बसून ऱ्हायले. मग डॉक्टर गेलं."

डोळ्यांचे हे डॉक्टर महिन्यातून एकदाच येतात. तिचा डावा डोळा गेलाच आहे. उजवा महिनाभर टिकेल?

"कुणाला तरी विचारायचंस ना."

"इंग्रजीच्या बाईंची आई, आन् तिलाच कळंना, म्हणली असती माणसं. तुला कमीपणा."

नेक्स्ट. एवढा एक शब्द. आठ वर्षं ती माझ्याजवळ राहते, मला एकदाही सुचू नये?

पुढच्या खेपेला रजा काढून मीच नेईन, म्हणाले.

"नगं. पोरांचा तास बुडंल," म्हणाली, आणि भिंत चाचपडत माझ्यासाठी चहा टाकायला गेली.