दाराला दुसरा हात

४ जानेवारी

ती. दादास,
सा. न. वि. वि.

तुझं जहाज आत्ता कुठल्या पाण्यात आहे देव जाणे. कंपनीच्या पत्त्यावर टाकलेलं पत्र पुढच्या बंदरात मिळतं म्हणतोस, म्हणून लिहायला बसले. आधी बातमी: मी घर रंगवायला काढलंय. हसू नकोस! तो कळकट पांढरा बघून बघून जीव विटला होता. दिवसभर चष्म्याच्या दुकानात लोकांना विचारायचं, आता स्पष्ट दिसतंय का, आणि घरी आल्यावर आपल्यालाच काही बघावंसं वाटू नये, हे काय खरं आहे का? मी निवडलेल्या रंगाला रंगाच्या दुकानात ऑलिव्ह म्हणतात. हिरवाच, पण त्यातला सगळा आरडाओरडा काढून टाकलेला. डॉक्टरही म्हणाले होते की आईच्या डोळ्यांसमोर भडक काही नको.

आता आईचं. ती अजून कामावर जाते. एक्स्चेंजमधून निवृत्त होऊन किती वर्षं झाली हे तिला सोडून सगळ्यांना माहीत आहे. सकाळी उठते, पर्स खांद्याला लावते आणि निघते टेलिफोन जोडायला. परवा मोठ्या चौकात रस्त्याच्या मधोमध उभी राहून बसवाल्यावर ओरडत होती, थांबत का नाहीस म्हणून. वाहतूक पोलिसाने घरी आणून सोडलं. बाहेरून कुलूप लावून गेले तर दार इतकं बडवते की हात सुजतात. सांभाळायला ठेवलेल्या बाई कंटाळून गेल्या. दुकानाच्या मालकीणबाईंनी सांगितलंय की आणखी एकदा मधेच घरी पळालीस तर दुसरी मुलगी बघते.

दादा, मला फार भीती वाटते रे. एक दिवस तो पोलीस एकटाच दारात येऊन उभा राहील. तुझा लोभ आहेच, पण तो फार लांबून येतो.

तुझी,
ठमी


१७ जानेवारी

चि. ठमीस,
अनेक आशीर्वाद आणि डोक्यात एक टपली.

ऑलिव्ह म्हणे! सरळ शेवाळी म्हण की. आम्ही तो रंग जहाजाच्या पोटावरून खरवडून काढतो आणि तू पैसे देऊन भिंतीला लावतेस. तुझ्या आवडीचं लहानपणापासून काही खरं नाही. शाळेत असताना तू स्वतः निवडलेला तो गाजरी स्वेटर मी अजून विसरलेलो नाही.

आईचं वाचून मात्र घास उतरला नाही. एप्रिलमध्ये माझा करार संपतो. मग मी घरी आणि तू मोकळी. तेवढे दिवस कशीही कड काढ. मालकीणबाईंना माझा नमस्कार सांग आणि त्यांच्याशी भांडू नकोस. तुझी जीभ मला ठाऊक आहे. रंग झाला की खोल्या कशा दिसतात ते सविस्तर लिही. इंजिनच्या खोलीत वाचायला तेवढंच बरं असतं.

आईला आणि तुला आठवत असतो, एवढं लक्षात असू दे.

दादा


२ फेब्रुवारी

ती. दादास,
सा. न. आणि आज चक्क आनंदाने वि. वि.

अरे, काय गंमत झाली ऐक. रंगारीबुवांनी बाहेरच्या खोलीसाठी रंग कालवला तो उरला. वाया कशाला घालवायचा म्हणून त्यांनी मला न विचारता मुख्य दाराला आतून तोच फासला. मी आल्यावर बघून तणतणले, दार कोणी असं शेवाळी करतं का म्हणून. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी आई पर्स घेऊन निघाली आणि तिला दार सापडेना!

खोटं नाही सांगत. भिंतीवरून हात फिरवत गेली, दारावरून तसाच हात फिरवत पुढे गेली, कोपऱ्यापर्यंत जाऊन परत आली. मग मला विचारलं, बाई, इथून बाहेर कुठून जायचं? मी म्हटलं, आज सुट्टी आहे. ती बसली. बडवणं नाही, ओरडणं नाही. मी सुखाने दुकानात गेले. कित्येक दिवसांत पहिल्यांदा डबा पूर्ण खाल्ला.

मग मी काय सोडते! रंगारीबुवांना बोलावून दाराला दुसरा हात मारून घेतला. चौकट, कडी, बिजागऱ्या, सगळं त्याच रंगात. आता मलाच कधीकधी क्षणभर चाचपावं लागतं.

एकच आहे. भिंतीवर तिच्या हाताच्या उंचीला ओरखडे दिसायला लागलेत. या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत. परवा तिची नखं कापायला बसले तर आत हिरवा रंग. रंगारीबुवा येऊन पुन्हा हात फिरवून गेले. होईल सवय. तू उगीच मनाला लावून घेऊ नकोस.

लोभ वाढव, कमी करू नकोस.

ठमी


१६ फेब्रुवारी

चि. ठमीस,
आशीर्वाद. आज टपली नाही.

तुझं पत्र बंदर सुटता सुटता हातात पडलं आणि वाचेपर्यंत जहाज निघालं होतं. घरी फोन नाही. वायरलेसवाल्याच्या हातापाया पडलो, पण या हवेत काही लागत नाही म्हणतो. म्हणून लिहून ठेवतोय. बंदर आलं की आधी हेच टपालात पडेल.

दार पुन्हा पांढरं कर. ताबडतोब. आमच्याकडे मागे आगीची कवायत झाली. खोलीत मुद्दाम धूर सोडला. आमचा आचारी, आयुष्य जहाजावर काढलेला माणूस, नुकत्याच रंगवलेल्या दारावरून हात फिरवत पुढे गेला आणि टेबलावर चढून गोल खिडकीत डोकं घालायला लागला. नंतर स्वतःवरच हसला. म्हणाला, उजेड तिकडून येत होता. तेव्हापासून दारांच्या चौकटी आम्ही लांबून दिसतील अशा रंगवतो.

ठमे, आईने बाहेर जाणं सोडलेलं नाही, तिला फक्त दार मिळत नाहीये. आपण चौथ्या मजल्यावर राहतो. खिडकीला गज नाहीत. आजच्या आज सुताराला बोलावून फळ्या मार. घर कसं का दिसेना. नोकरी गेली तर जाऊ दे, मी पैसे पाठवतो.

माझ्यावर चिड, पण हे कर.

दादा


२० फेब्रुवारी, रविवार

ती. दादास,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र बऱ्याच दिवसांत नाही. समुद्रावर आळस चढतो वाटतं!

इकडे सगळं कसं छान चाललंय. आईने भिंती खरवडणं आपण होऊन थांबवलं. आता दिवसभर बाहेरच्या खोलीत खिडकीपाशी असते. तिला उजेड आवडतो म्हणून मी पडदे काढून टाकले आणि टेकायला बरं पडावं म्हणून आपलं जुनं बाकडं तिथे सरकवून दिलं. बाकड्यावर उभी राहून खाली बघते आणि ओळखीचं हसते. शेवाळी भिंती आणि मधे तो लखलखीत चौकोन, फार सुंदर दिसतं रे. तू ये, तूही मान डोलावशील.

आणि आश्चर्य म्हणजे आज तिने तुला पत्र लिहिलंय. अक्षर अजून कसं ताठ! मी वाचायला मागितलं तर म्हणाली, दुसऱ्याचं बोलणं ऐकायची आमच्या खात्यात परवानगी नाही. मी म्हटलं, बरं बाई. तिने चिकटवलेलं पाकीट सोबत घालतेय. उद्या दुकानात जाताना टपालात टाकीन.

दादा, मी किती दिवसांनी शांत झोपते आहे. असाच जीव असू दे आमच्यावर.

ठमी


रविवार

चि. बाळास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तू जहाजावर आहेस हे मला पक्कं आठवतं. हे आधी लिहिते, कारण इथे सगळ्यांना वाटतं की माझं डोकं गेलंय.

हे घर चांगलं आहे पण त्याला दार नाही. इथे एक मुलगी आहे. ती भिंतीतून येते आणि भिंतीत जाते. कष्टाळू आहे, मला भरवते, माझी नखं कापते. रात्री रडायची, आता रडत नाही. तिला कुठून येतेस असं विचारणं बरं दिसत नाही, म्हणून मी माझं मीच शोधलं.

एक दार रंगवायचं राहून गेलंय. त्यातून उजेड येतो, वारा येतो, आणि बस तिथेच खाली थांबते. मी रोज बघते. उंबरठा जरा उंच आहे आणि गुडघ्यांचं तर तुला माहीतच आहे, पण त्या मुलीनेच आपणहून पाय ठेवायला बाकडं आणून दिलं. गुणी आहे. तिला बोलणी बसू नयेत म्हणून ती गेल्यावरच मी निघेन.

उद्या सोमवार, सकाळची ड्यूटी. काळजी नसावी. पोचले की तुला ट्रंक कॉल लावते.

तुझी,
आई