पेढ्याचा संशय

जबलपूर,
१२ नोव्हेंबर २०२५

ती. प्रतिमाताई,

नमस्कार. माझं अक्षर पाहून पत्र बाजूला ठेवू नका. फोन तुम्ही उचलत नाही, आणि उचललात तरी हे माझ्या तोंडून निघणार नाही, म्हणून लिहून राहिली.

इकडे सगळे बरे आहेत. तुमचे भाऊ मार्चमध्ये फॅक्टरीतून रिटायर होतील. समिधा अकरावीत गेली. तिला पुन्हा कुत्र्याचं पिल्लू पाहिजे. दोन वर्षं मी नाहीच म्हटलं. या दिवाळीत हो म्हटलं, पण सगळं पारखून घ्यायचं या अटीवर.

आधी पाटनला पिल्लं विकणाऱ्या एकाकडे गेलो. मला त्या माणसाचं हसणंच पटलं नाही. चार पिल्लं एका खोक्यात. मी म्हटलं, "भैया, इनकी मां दिखाइए."

"मां तो गांव में है, मैडम. फोटो देख लीजिए."

फोटोत कुत्रीच्या मागे बर्फ! लसीचं कार्ड मागितलं, तर त्यावर पिल्लू जन्मायच्या आधीची तारीख. "लिखने में गलती हो गई," म्हणाला. मी उठलीच. समिधा गाडीत रडली, तरी मी मागं फिरली नाही.

मग ग्वारीघाटाकडच्या भाऊरावांकडे गेलो. रेल्वेतून रिटायर झालेले, मूळचे वर्ध्याचे. त्यांची लॅब्रडॉर, जिलेबी, अंगणातच पिल्लांना पाजत पडली होती. तरी माझा संशय जाईना. पिल्लांचे कान उचलून पाहिले, हिरड्या पाहिल्या, कार्डावरच्या डॉक्टरांना तिथूनच फोन लावला. तेच प्रश्न फिरवून फिरवून विचारले.

"बाई, तुम्ही पोलिसात आहे काय?" भाऊराव म्हणाले. "चलो, आता माझी पाळी. दिवसभर घरी कोण असते? आधी कुत्रं होतं काय?"

"होतं. गेलं."

"काहून?"

"आमच्या नणंदबाईंनी पेढा खाऊ घातला."

ताई, दोन वर्षं मी सगळ्यांना हेच सांगून राहिली. किती सहज निघालं.

त्यांनी काय काय झालं ते विचारलं. मी सांगितलं. आणल्याच्या दुसऱ्या दिवशी उलट्या, मग रक्ताचे जुलाब, पाचव्या दिवशी संपलं.

"हे पेढ्यानं नाही होत. पार्वो असन, पिल्लांचा रोग. तो अंगात शिरला की दिसायलाच तीन-चार दिवस लागते. म्हणजे पिल्लू आजार घेऊनच आलं. आणताना सुस्त नव्हतं काय?"

समिधा माझ्याकडे बघून राहिली होती. मी "नाही" म्हणणार होती.

सुस्त होतं, ताई. दुकानातच मान टाकून होतं, डोळ्यांत चिपडं. मला दिसलं होतं. पण समिधाचा वाढदिवस, घरात पाहुणे, तुम्ही नागपूरहून आलेल्या. "झोपलंय" म्हणून मी उचलून आणलं. डॉक्टरकडेही नेलं नाही. तुम्ही त्याला प्रेमानं पेढ्याचा तुकडा दिला, आणि ते गेल्यावर मला बोट दाखवायला कोणीतरी मिळालं. सगळ्यांसमोर तुम्हाला म्हटलं, "तुम्हीच मारलं." तुम्ही पोह्यांची बशी तशीच ठेवून स्टेशनवर निघून गेल्या.

"सुस्त होतं," मी भाऊरावांना म्हटलं. त्यांनी एक पिल्लू उचलून समिधाच्या हातात दिलं. मग म्हणाले, "रविवारी घेऊन जा."

तेव्हापासून घर आवरून राहिली. खालच्या वायरी वर बांधल्या, बाल्कनीला जाळी लावली, फरशी औषधानं धुतली. भाऊराव देतात तेच खाणं आणून ठेवलं. सोमवारची डॉक्टरांची वेळ घेतली. समिधा एवढंच म्हणाली, "आई, आत्याला सांगितलं का?"

काल तुमच्या भावांना सगळं सांगितलं. ते ताटावरून उठले. तुमची बाजू मी त्यांना कधी घेऊच दिली नव्हती.

तुम्हाला "या" म्हणायचा हक्क मी घालवला. म्हणून बोलावत नाही. तुमच्या हातून काहीच झालं नव्हतं, हे फक्त माझ्या हातचं लिहिलेलं तुमच्याजवळ असावं. कोणालाही दाखवा.

चूक माझी होती, हे सही करून सांगणारी,
शर्मिला